पिशवीवर नाव नसतं

संस्थेनं मदत घेताना देणाऱ्याचा पूर्वेतिहास काढत बसू नये, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. नट असो, पुढारी असो की बुवा असो, त्याच्यावर खटला चालू असो की त्याच्यावरून गावात दोन तट पडलेले असोत, त्याच्या नावानं चार माणसं रक्त द्यायला येत असतील तर येऊ द्यावीत. आपण न्यायाधीश नाही. आपण तटस्थ राहावं आणि काम करावं. हे मी बैठकांमध्ये बोललो आहे, तरुण पोरांच्या गळी उतरवलं आहे आणि चांगल्या कार्यकर्त्यांशी त्यावरून वादही घातले आहेत. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे मला लिहायचं आहे, कारण ज्यांना मी ते मत पटवलं ती मुलं आजही त्याच मतावर शिबिरं घेत आहेत.

जुन्या मताला कारणं होती आणि ती आजही मला हलकी वाटत नाहीत. मी घुग्घुसचा. चंद्रपूरहून वणीकडे जाताना वर्धा नदीच्या अलीकडे आमचं गाव लागतं. कोळशाच्या खाणी, लोखंडाचा कारखाना, शेजारी सिमेंट, दिवसरात्र धावणारे ट्रक आणि अंगणातल्या तुळशीवरही बसणारी काळी धूळ. खाणीच्या कामासाठी तेलंगणातून, छत्तीसगडमधून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली माणसं इथंच घरं करून राहिली. 26 ऑगस्ट 2022 ला आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन खचली आणि एक अख्खं घर पोटात घेऊन गेली. घरातली माणसं वाचली, पण आजूबाजूच्या कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली. असं गाव मदतीला धावून येणाऱ्याची जात, पक्ष, भाषा विचारत नाही. विचारण्याची चैन त्याला परवडत नाही.

माझं काम रक्ताचं. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण घरोघरी सापडतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे असे दुखतात की मोठा माणूसही हंबरडा फोडतो. हिमोग्लोबिन एकदम खाली आलं की रक्त चढवण्यावाचून इलाज उरत नाही. थॅलेसिमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, आयुष्यभर. त्यात बाळंतपणातला रक्तस्राव, रस्त्यावरचे अपघात आणि खाणपट्ट्यातले अपघात वेगळेच. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, महाविद्यालयं बंद असतात, रक्तदाते गावाला गेलेले असतात, आणि रक्तपेढीच्या शीतकपाटात एकेका गटाचे कप्पे रिकामे होतात. त्या दिवसांत फोनवर एखादा बाप बोलत असतो, “सर, काही तरी करा ना जी, पोरगी थंडी पडून राहिली.” त्याला तात्त्विक चर्चा सांगून भागत नाही.

आणि माणसं जमवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे नाव. नेत्याचा वाढदिवस, नटाचा वाढदिवस, नव्या सिनेमाचा पहिला दिवस. आमच्याकडे तेलुगू वस्ती मोठी, त्यामुळे चिरंजीवींचं उदाहरण पोरांच्या तोंडी नेहमी असायचं. त्यांनी 1998 मध्ये हैदराबादेत रक्तपेढी काढली आणि चाहत्यांच्या वेडाला रक्तदानाची वाट करून दिली. पडद्यावर नाणी उधळणारी पोरं खाटेवर झोपून दंड पुढे करू लागली, यापेक्षा चांगलं काय असेल? मी तेव्हा एकच वाक्य सांगायचो, आणि ते ऐकून समोरचा गप्प व्हायचा: रक्ताच्या पिशवीवर नाव नसतं. गट असतो, क्रमांक असतो, काढल्याची तारीख आणि संपण्याची तारीख असते. ज्याला चढतं त्याला कळत नाही ते कुणाचं. मग आपण कशाला विचारायचं?

या मताला पहिला धक्का 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बसला. नाना पाटेकर हे नाव आमच्या भागात नुसतं नटाचं नाव नाही. आमटे कुटुंबाशी त्यांचा जुना स्नेह. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांवर 2014 मध्ये आलेल्या चित्रपटात मुख्य भूमिका त्यांनीच केली. 2015 मध्ये मकरंद अनासपुरेंबरोबर त्यांनी ‘नाम’ संस्था काढली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांना मदत पोहोचवली, नाले खोल केले. आमच्या एका शिबिराच्या फलकावर त्यांचा फोटो घ्यायचं ठरलं होतं. त्यांना त्याची कल्पनाही नव्हती, आम्हीच आपले प्रेमानं घेणार होतो. नेमकं त्याच सुमाराला तनुश्री दत्ता यांनी 2008 मधल्या एका चित्रीकरणाबद्दल त्यांच्यावर जाहीर आरोप केला. नानांनी तो नाकारला. फोटो ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न आमच्या बैठकीत आला.

मी म्हणालो, न्यायालय ठरवेल, आपण तटस्थ राहू, फोटो राहू द्या. आमच्यात परिचारिकेचं शिक्षण घेणारी एक मुलगी होती. शिबिरात दात्यांचा रक्तदाब तीच मोजायची. ती म्हणाली, “न्यायालय ठरवीलच, सर. पण तोवर फोटो लावायचा, हे कोणी ठरवलं? न लावणंही तटस्थच आहे ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती आरोप खरा आहे असं म्हणत नव्हती, खोटा आहे असंही म्हणत नव्हती. तिचं म्हणणं इतकंच होतं की लावलेला फोटो बोलतो. तिच्यासारख्या मुली त्या मंडपात येणार, त्यांच्यातल्या काहींनी कामाच्या ठिकाणी असलं काही सोसलेलं असणार, आणि आम्ही काहीही न बोलता त्यांना काही तरी सांगणार. पुढे 2019 मध्ये पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला. 2025 मध्ये मुंबईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटून गेल्याच्या कारणानं तक्रारीची दखल घ्यायला नकार दिला. कायद्याच्या दृष्टीनं नानांवर काहीही सिद्ध झालेलं नाही, आणि मी या लेखात तसं सुचवतही नाही. मला त्या मुलीचा प्रश्न वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. माणूस दोषी निघाला असता किंवा पूर्ण निर्दोष ठरला असता, तरी त्या दिवशीच्या निर्णयाला त्याचा उपयोग नव्हता. खटले वर्षानुवर्षं चालतात आणि शिबिर रविवारी असतं. निकालावर टेकलेला नियम आम्हाला कधीच कामाला येणार नव्हता.

दुसरा धक्का खर्ऱ्यानं दिला. विदर्भाबाहेरच्यांना खर्ऱ्याचं थैमान सांगून कळत नाही. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून घोटून तयार करतात, आणि शाळकरी पोरांपासून खाणीतल्या कामगारांपर्यंत सगळ्यांच्या गालात तो असतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. शेजारच्या गडचिरोलीत 1993 ची दारूबंदी लोकांनी लढून मिळवली, आणि 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम दारूबरोबर तंबाखूविरुद्धही गावोगाव काम करतं. तरी खर्रा आहेच. तोंड उघडत नाही म्हणून नागपूरला गेलेला माणूस अर्धा जबडा गमावून परत येतो. त्याच्या शस्त्रक्रियेलाही रक्त लागतं, आणि तेही आम्हीच जमवून देतो.

2022 च्या एप्रिलमध्ये अक्षय कुमार यांनी जाहीर माफी मागितली. पान मसाल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रँडच्या वेलचीच्या जाहिरातीत ते शाहरुख खान आणि अजय देवगण यांच्याबरोबर दिसले होते. लोक चिडले, ते जाहिरातीतून बाहेर पडले आणि मिळालेलं सगळं मानधन एखाद्या चांगल्या कामाला देणार असल्याचं त्यांनी सांगितलं. कराराच्या मुदतीपर्यंत जाहिरात चालू राहू शकते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. माफी मागणं मोठेपणाचंच होतं. पण ती बातमी वाचून मी अस्वस्थ झालो, कारण ‘चांगलं काम’ म्हणजे आम्हीच की. उद्या तो धनादेश तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेकडे आला तर? माझ्या जुन्या मताप्रमाणे उत्तर सोपं होतं: घ्या, पैशावर नाव नसतं. पण मला आमच्याच शिबिराचा मंडप दिसायला लागला. वेलचीच्या जाहिरातीतला चेहरा वर फलकावर, आणि खाली जबडा कापलेल्या माणसासाठी रक्त देणारी, गालात खर्रा धरलेली पोरं. त्या चित्रात आम्ही तटस्थ नव्हतो. आम्ही त्या चेहऱ्याचं काम करून देत होतो.

इथं मला माझ्या आवडत्या वाक्याकडे पुन्हा पाहावं लागलं. पिशवीवर नाव नसतं हे खरं, पण रजिस्टरमध्ये असतं. दात्याकडून आम्ही अर्ज भरून घेतो. वय, वजन, आजार, औषधं, गोंदवून घेतलं का, मागचं रक्त कधी दिलं, सगळं विचारतो. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर हात जोडून परत पाठवतो. मग प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासणी होते. पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1998 पासून बंदच झाली, कारण गरजेपोटी रक्त विकणारा माणूस आजार लपवायचा आणि तो आजार रुग्णाला जायचा. म्हणजे ज्या क्षेत्रात मी ‘कुठून आलं विचारू नका’ म्हणत होतो, तिथंच सगळ्यात जास्त विचारलं जातं. दात्याचा अपमान व्हावा म्हणून नव्हे. ज्याला चढणार आहे त्याची जबाबदारी आपल्यावर आहे म्हणून.

तटस्थतेचा आधार म्हणून मी रेडक्रॉसचं नाव घेत असे. 1965 मध्ये व्हिएन्नात रेडक्रॉस चळवळीनं सात मूलतत्त्वं स्वीकारली. त्यांत एक तत्त्व असं की मदत गरज पाहून द्यायची, माणूस पाहून नाही. त्याच्याखालीच तटस्थतेचं वेगळं तत्त्व आहे: लढणाऱ्यांपैकी कुणाची बाजू घ्यायची नाही, म्हणजे दोन्हीकडच्या जखमींपर्यंत पोहोचता येतं. दोन्ही तत्त्वांचं तोंड जखमी माणसाकडे आहे. थैली घेऊन येणाऱ्याबद्दल ती बोलतच नाहीत. आणि जखमींसाठी केलेली तटस्थताही किती महाग पडू शकते, हे त्याच इतिहासात आहे. 1942 च्या ऑक्टोबरात रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या समितीनं नाझींच्या अत्याचारांविरुद्ध जाहीर आवाहन काढायचं नाही असं ठरवलं. पुढे त्याच संस्थेनं ज्यूंच्या संहाराच्या काळातलं आपलं वागणं हे मोठं अपयश असल्याचं मान्य केलं.

आमच्या छोट्या गटाची तुलना त्या प्रसंगाशी मी करत नाही. पण एक गोष्ट मला पटली. चांगल्या कामाशेजारी उभं राहणाऱ्या प्रसिद्ध माणसाला काही तरी मिळतं, आणि ते आपण देतो. हरियाणातल्या डेरा सच्चा सौद्याच्या अनुयायांनी रक्तदानाचे जागतिक विक्रम केले. ते रक्त खरं होतं, त्यानं माणसं वाचली असतील. पण 2017 मध्ये डेराप्रमुख बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत, तक्रार करणाऱ्या बायांच्या विरोधात हेच सेवाकार्य पुढे केलं जात होतं. इंग्लंडमध्ये जिमी सॅव्हिल हा दूरचित्रवाणीवरचा लाडका चेहरा. त्यानं स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या मणक्याच्या उपचार केंद्रासाठी लाखो पौंड जमवले. तो 2011 मध्ये मेल्यानंतर उघड झालं की त्याच रुग्णालयात त्यानं रुग्णांवर आणि मुलांवर अत्याचार केले होते. निधी जमवणारा म्हणून त्याला सगळी दारं उघडी होती. आपल्या तटस्थतेची किंमत नेहमी आपणच मोजतो असं नाही. कधी कधी ती वॉर्डातल्या खाटेवर पडलेलं माणूस मोजतं.

माझ्या सोबत्यांचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप: चेहऱ्याशिवाय माणसं येत नाहीत. दुसरा: चेहरे नसते तर ‘नाम’ झालं नसतं, आमिर खान यांचं ‘पाणी फाउंडेशन’ही झालं नसतं. 2006 मध्ये नर्मदा आंदोलकांच्या शेजारी बसल्याबद्दल ज्या आमिर खान यांचा चित्रपट गुजरातमधल्या बहुतेक चित्रपटगृहांत लागू शकला नाही, त्यांच्याच संस्थेनं 2016 पासून पाणलोटाच्या स्पर्धा घेतल्या आणि पक्ष-गट विसरून गावं श्रमदानाला उतरली. हे मी मान्य करतो. स्वतः संस्था उभी करणारा माणूस तिच्या कामाला बांधलेला असतो, हिशेब देतो, वर्षानुवर्षं राबतो. त्याचा न्याय वेगळा. मी बोलतो आहे पाहुण्या चेहऱ्याबद्दल, जो एका सकाळसाठी फलकावर येतो आणि आमच्या नावाचा थोडा उजेड घेऊन जातो.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: भूमिका घेतली तर देणगी बंद होईल. याचं उत्तर आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याला आहे. बाबा आमटे 1990 मध्ये आपलं कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन सोडून नर्मदा आंदोलनासाठी नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, आणि 1991 मध्ये त्यांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही सरकारला परत केले. सरकारहून मोठा देणगीदार आणि सरकारहून मोठा विरोधक दुसरा कोणता असणार? आनंदवन बंद पडलं नाही. ज्याच्या कामावर लोकांचा विश्वास आहे, त्याला प्रत्येकाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर मला रक्तपेढीच्या तंत्रज्ञांनी दिलं. लाल पेशी साध्या पिशवीत 35 दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त पाच. बड्या वाढदिवसाला एका दिवसात पिशव्यांचा ढीग पडतो. तो वेळेत वापरला गेला नाही तर उरलेलं रक्त टाकून द्यावं लागतं, आणि त्या दिवशी रक्त दिलेला माणूस पुढचे तीन महिने देऊ शकत नाही. म्हणजे चेहऱ्यानं आणलेली गर्दी कधी कधी मेमधल्या टंचाईत भरच घालते. आम्हाला हवा असतो तो दर तीन-चार महिन्यांनी न बोलावता येणारा माणूस. त्याला कुणाचा वाढदिवस लागत नाही, फार तर एक फोन पुरतो.

आता माझं मत असं आहे. रक्त सगळ्यांचं घ्यावं. आरोप असलेल्या नटाच्या चाहत्यांचं घ्यावं, त्याच्या विरोधकांचं घ्यावं, तो स्वतः रांगेत उभा राहिला तर अर्ज भरून घेऊन त्याचंही घ्यावं. पण फलकावर चेहरा कुणाचाच नको. वादग्रस्ताचा नको आणि आज निष्कलंक वाटणाऱ्याचाही नको, कारण उद्याचं आपल्याला माहीत नाही आणि माणसांची चारित्र्यं तोलत बसणं हे आमचं काम नाही. पैसे आले तर नोंद उघड ठेवावी. ज्या मालानं आपले रुग्ण तयार होतात त्या मालाचे पैसे मात्र परत करावेत, मग ते कितीही साळसूदपणे आलेले असोत. आणि हे सगळं कुणाचंही नाव समोर यायच्या आधी, कागदावर लिहून ठरवावं. माणूस समोर आल्यावर केलेला नियम हा त्या माणसाविषयीचा निकाल होतो, आणि मग गावात भांडण होतं.

हा नियम मांडला तेव्हा आमच्यातले काही जण दूर गेले. वाढदिवसाची शिबिरं आता ते वेगळी घेतात. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी जमवलेलं रक्तही त्याच शीतकपाटात जातं, आणि एखाद्या रात्री आमच्या पोरांना तेच लागतं. अशा रात्री माझं जुनं मत मला पुन्हा खेचतं, हे मी लपवत नाही. टंचाईच्या आठवड्यात एखाद्या मोठ्या चेहऱ्यानं शंभर पिशव्या देऊ केल्या आणि बदल्यात फक्त एक फलक मागितला, तर मी काय करेन? तेव्हा मी त्याच्या माणसांना रांगेत बोलावेन, चहा-बिस्किटं देईन, हात जोडेन आणि फलक नाकारेन. त्यामुळे ते निघून गेले, तर त्या रात्री मला स्वतः फोन फिरवत बसावं लागेल, आणि रक्तदाता मिळेपर्यंत मी ते करीन. हा भार उचलायची तयारी नसेल तर चेहरे नाकारण्याचा अधिकारही आपल्याला नाही, असं मी नव्या मुलांना आता सांगतो.

त्या परिचारिका मुलीला मी हे उत्तर त्या दिवशीच द्यायला हवं होतं. तिच्यासारख्या ज्या मुली अजून मंडपात येऊन दात्यांचा रक्तदाब मोजतात, त्यांनी ते निःसंकोच मागावं, आणि आमच्यासारख्या जुन्या कार्यकर्त्यांनी न चिडता द्यावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.